गाडी आपली आपण वळली

जयपूरहून परतले तेव्हापासून अमरावतीत जो भेटतो तो हवामहालाचं विचारतो. हवामहाल मी रिक्षातून जाताजाता पाहिला. आपण फोटोत पाहतो ती त्याची पाठ आहे, पुढची बाजू आत आहे, असं रिक्षावाला म्हणाला. मला ते पटेना, आणि आमचा वाद मिटेपर्यंत हवामहाल मागे पडला होता. तेव्हा त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. माझा जयपूरचा मुक्काम बहुतेक एका गाडीपायी गेला. सांगायचं ते तिचंच.

जवाहर नगर

माझी धाकटी बहीण मंजू लग्नानंतर जयपूरला गेली आणि तिथलीच झाली. ती एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिचे यजमान अविनाशराव डॉक्टर आहेत, एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनचे प्राध्यापक. मुलगी ऋचा बारावीनंतरच्या कसल्याशा परीक्षेच्या तयारीत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पहिल्यांदाच निवांत त्यांच्याकडे गेले.

अविनाशराव आणि मंजू मला घ्यायला स्टेशनवर आले होते. गाडी नवी, पांढरी. त्यांनी बटण दाबलं, काहीच आवाज झाला नाही, आणि गाडी चालू लागली. मी दचकले.

"हायब्रिड आहे, ताई," ते हसत म्हणाले. "सुरुवातीला विजेवर चालते. वेग वाढला की इंजिन आपोआप सुरू होतं. हिला सगळं आपलं आपण कळतं."

जवाहर नगरातल्या घरापर्यंत ते गाडीबद्दलच बोलत होते. वळणावर गाडी घसरायला लागली तर ती ज्या त्या चाकाला स्वतःच ब्रेक लावून सावरते म्हणे. मंजू मागे बसली होती. ती गाडी छान चालवायची, हे मला ठाऊक होतं. अमरावतीत बाबांची जुनी गाडी तीच चालवत असे, बाबाही तिच्या शेजारी बिनघोर झोपत. मी म्हटलं, "मग उद्या मंजूबरोबर बाजारात जाऊ." मंजू खिडकीबाहेर बघू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो. जयपूरची थंडी आपल्याकडच्यासारखी नाही. उन्हात अंग भाजतं आणि सावलीत बोटं आखडतात. ऋचा पुस्तक घेऊन तिथेच होती. मंजू खाली गेल्यावर तिनंच सांगितलं.

"मावशी, मम्मी अब ड्राइव ही नहीं करती. मतलब, दिवाळीच्या आधी गाडी डिव्हायडरला लागली ना, तेव्हापासून सोडून दिलं."

"लागलं होतं का तिला?"

"नाही, जास्त नाही. पण पप्पा सगळ्यांना सांगतात, मम्मी घाबरली म्हणून."

त्याच रात्री जेवताना अविनाशरावांनी मलाही ती गोष्ट सांगितली. सरळ रिकाम्या रस्त्यावर बाईसाहेबांनी गाडी दुभाजकावर चढवली. सर्व्हिस सेंटरनं सगळं तपासलं, गाडीत काही म्हणजे काही दोष नाही. "घाबरून स्टिअरिंग झटक्यानं फिरवलं असणार," ते म्हणाले, अगदी प्रेमानं, पेशंटला समजावावं तसं. मंजूनं माझ्या ताटात आणखी एक गट्टा वाढला. गट्टे म्हणजे बेसनाचे उकडलेले तुकडे, दह्याच्या रश्श्यात. आपल्या पाटवड्यांचे भाऊबंद, पण रस्सा आपल्याइतका तिखट नाही.

नंतर ओटा पुसताना मी तिला विचारलं, "खरं काय झालं होतं?"

"ताई, मी नाही वळवली. ती वळली. आपली आपण उजवीकडे ओढली गेली. मी डावीकडे घ्यायला गेले तर स्टिअरिंग दगडासारखं जड. डोळ्यापुढे एक पिवळा दिवा लागला. गाडी बंद करून परत सुरू केली तर दिवा गेलेला." तिनं फडकं पिळलं. "आता मलाच वाटायला लागलं, मीच काही तरी केलं असेल."

चाळीस मुलांच्या वर्गाला न बिचकणारी माझी बहीण हे बोलत होती, याचं मला वाईट वाटलं.

सांभर

रविवारी आम्ही सांभरचं मिठाचं सरोवर बघायला निघालो. ऋचाचा क्लास होता, म्हणून आम्ही तिघंच. अजमेरच्या मोठ्या रस्त्यानं बरंच पुढे जाऊन उजवीकडे वळलं की मोहरीची पिवळी शेतं लागतात. मग शेतं विरळ होत जातात, बाभळी उरतात, आणि मग एकदम काहीच उरत नाही. क्षितिजापर्यंत पांढरी सपाट जमीन.

आपल्याला मीठ म्हटलं की समुद्र आठवतो. इथे समुद्राचा पत्ता नाही आणि पायाखाली सगळं मीठ. वाफ्यांतलं पाणी कुठे करडं, कुठे गुलाबी. लांबवर गुलाबी ठिपक्यांची एक ओळ होती. अविनाशरावांनी दुर्बीण दिली तेव्हा त्या ठिपक्यांना पाय आणि माना फुटल्या. रोहित पक्षी. सगळे माना पाण्यात घालून चरत होते, आणि मधूनच एखादा मान वर करून चार पावलं ऐटीत चालायचा.

मिठाच्या ढिगाऱ्याशी गमबूट घातलेल्या बायका फावड्यानं मीठ ओढत होत्या. मी वाकून एक खडा जिभेवर ठेवला तर त्यांतली एक खळखळून हसली.

"माताजी, कड़वा लगेगा! अभी धुला नहीं है."

खरंच कडू लागलं. तिनं मला पाण्याची बाटली दिली आणि कुठून आलात विचारलं. महाराष्ट्रातून म्हटल्यावर म्हणाली, "वहाँ तो बारिश बहुत होती होगी." मी आमच्या वऱ्हाडातल्या पावसाचं खरं सांगायला गेले, पण तिला घाई होती.

गावातून फीणी घेतली. शेवयांपेक्षा बारीक तारांचं, तुपात तळलेलं जाळं. गरम दुधात टाकून खातात. तो डबा मांडीवर घेऊन मी मागच्या सीटवर बसले. दुपारचं जेवण फुलेऱ्याला होतं, मंजूच्या मैत्रिणीकडे. सुनंदा गजभिये. तिचे मिस्टर रेल्वेत गार्ड आहेत, दोघं पुलगावची. जयपूरच्या मराठी मंडळींत मंजूची तिच्याशी ओळख झाली आणि मग बदली होऊन ती फुलेऱ्याला गेली.

सांभरहून फुलेरा जवळच आहे. रस्ता अरुंद, दुतर्फा बाभळी. अविनाशराव गाणं गुणगुणत होते. एका ठिकाणी डांबर उखडलं होतं, तिथे चाक धाडकन आदळलं. आणि समोर, डोळ्यादेखत, त्यांचे हात स्थिर असताना गाडी उजवीकडे जाऊ लागली.

कडब्यानं लादलेला एक ट्रॅक्टर समोरून येत होता.

"अविनाश!" मंजू ओरडली.

"मी नाही... हे वळत नाहीये!" ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होते. पुढे पिवळा दिवा लुकलुकत होता आणि चाकाखालून करकर असा आवाज येत होता. ट्रॅक्टरवाल्यानं आपली बाजू सोडली आणि तो शेतात उतरला. आमची गाडी त्याच्या मागून रस्ता ओलांडून पलीकडच्या वाळूत गेली, बाभळीला घासली आणि थांबली. उजवा आरसा तुटून लोंबत राहिला. फीणीचा डबा माझ्या पायाशी सांडला होता.

कोणाला काही झालं नव्हतं. ट्रॅक्टरवाला धावत आला, आधी खूप बोलला, मग आमचे चेहरे आणि काचेवरचं डॉक्टरांचं चिन्ह पाहून निवला. म्हणाला, "बैठ जाओ डाक्साब. पाणी पी लो." पिकल्या मिशांचा माणूस होता. तो मुळीच न थांबता निघून गेला असता तरी मला राग आला नसता.

अविनाशराव एका दगडावर बसले. रुग्णांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवणारे आपले हात ते उलटसुलट करून बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मंजू, त्या दिवशी असंच झालं होतं?"

"असंच."

"दिवासुद्धा?"

"दिवासुद्धा."

मंजू गाडीत जाऊन बसली आणि मोबाइलवर अजून लुकलुकणाऱ्या त्या दिव्याचा तिनं व्हिडिओ काढला. मग गाडी तशीच चालू ठेवून ती त्यांना म्हणाली, "आता कोणी बटण दाबू नका. मागच्या वेळी मी दाबलं होतं."

फुलेरा

मंजूनं फोन केल्यावर सुनंदाताई ई-रिक्षा घेऊन आम्हाला न्यायला आल्या. येताच त्यांनी आम्हा तिघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काही लागलं तर नाही न? मग बसा. गाडी कुठी पळून नाही जात. जेवून घ्या पहिले."

गाडी काही पळून गेली नाही, पण बॅटरीच्या काळजीनं अविनाशरावांना अखेर ती बंद करावी लागली. टोइंगची गाडी संध्याकाळी येणार होती. ट्रॅक्टरवाल्यानं आपल्या भावाला तिथे राखणीला बसवलं आणि आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये आलो.

बाहेरच्या खोलीत बुद्धाची पांढरी मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि खिडकीखालून जाणारे रूळ. एवढ्या लांब मरुभूमीच्या तोंडाशी आम्हाला बाजरीच्या भाकरीबरोबर आपल्याकडचा झणझणीत ठेचा मिळाला. बाजरी त्यांनी तिथलीच घेतली होती, मिरची पुलगावहून आणलेली. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते थांबेना. सुनंदाताईंनी ठेच्यावर ढकलायची सोय ठेवली. "तिखट झालं न जास्त?" एवढंच म्हणाल्या.

अविनाशराव जेमतेम जेवले. सुनंदाताईंनी त्यांना ताक दिलं आणि मंजूला विचारलं, "मॅडम, तुमचं मागं झालं होतं ते हेच का?"

"हेच."

"मी तवाच म्हटलं होतं यायले. चांगली चालवत होती ती पोरगी, अशी कशी धडकन." सुनंदाताईंचे मिस्टर ड्यूटीवर होते, म्हणजे 'यायले' हे बहुधा त्यांना म्हटलेलं असावं. अविनाशरावांनी ताकाचा पेला ठेवला आणि खिडकीतून जाणारी मालगाडी शेवटच्या डब्यापर्यंत बघितली.

आम्ही तिघंही पॅसेंजरनं जयपूरला परतलो.

सर्व्हिस सेंटर

दोन दिवसांनी सर्व्हिस सेंटरमधून निरोप आला. मीही बरोबर गेले. काचेची मोठी इमारत, कॉफीचं मशीन, टीव्ही. सल्लागार म्हणून बसलेला माणूस फार अदबीनं बोलत होता.

"सर, पूरा स्कैन कर लिया. सिस्टम में कोई फॉल्ट नहीं दिखा रहा. गाड़ी एकदम नॉर्मल है."

"नॉर्मल? मी स्वतः चालवत होतो!" अविनाशराव रागानं मराठीतच सुरू झाले, मग हिंदीत आले. "मेरे हाथ सीधे थे."

"सर, कभी-कभी खराब रोड पर गड्ढा आ जाए तो आदमी घबरा के स्टीयरिंग काट देता है. हो जाता है."

अविनाशरावांचा चेहरा लाल झाला. पंचवीस वर्षं लोक ज्यांच्यासमोर हात जोडून उभे राहतात, त्यांना एक माणूस नम्रपणे सांगत होता की तुम्ही घाबरलात. त्यांनी मंजूकडे पाहिलं.

मंजू हसली नाही. मला वाटलं होतं, हसेल.

"तुझे पेशंटही असंच घरी जात असतील," ती मराठीत हळूच म्हणाली. "दुखतंय, पण रिपोर्ट नॉर्मल." मग तिनं मोबाइल सल्लागारापुढे ठेवला आणि लुकलुकणारा दिवा दाखवला. "भैया, ये भी नॉर्मल है?"

त्यानं मोबाइल जवळ ओढून व्हिडिओ पुन्हा लावला.

"दोन्ही वेळा गाडी चालून आणि उन्हात उभी राहून तापलेली होती," ती शांतपणे हिंदीत सांगू लागली. वर्गात शिकवताना ती अशीच बोलत असणार. "दोन्ही वेळा आधी जोराचा खड्डा लागला. तुम्ही थंड गाडी उभी करून तपासता. मग काय दिसणार? गाडी तापेपर्यंत चालवा, खराब रस्त्यावर न्या, आणि तुमचं यंत्र जोडून ठेवा. गाडी काय करते ते तेव्हा लिहून घ्या."

सल्लागार आत गेला. बराच वेळ कोणी आलं नाही. मंजू उठली नाही. अविनाशराव म्हणाले, "घरी जाऊ या, मी वरिष्ठांना फोन करतो." ती म्हणाली, "तू जा. मी बसते." तेही बसले. शेवटी शेखावत नावाचे एक इंजिनिअर आले. त्यांनी व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहिला, दोनचार प्रश्न विचारले, आणि गुरुवारची वेळ दिली.

रिंग रोड

शहराबाहेरच्या रिंग रोडच्या कडेला एक लांब रस्ता आहे, जवळजवळ रिकामा. तिथे त्यांच्या चालकानं गाडी खूप वेळ फिरवली, मग खड्ड्यांच्या पट्ट्यावरून फेऱ्या मारल्या. काही झालं नाही. शेखावत लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसले होते. मी आणि अविनाशराव कडेला चहाच्या टपरीशी उभे.

मंजू त्या चालकाची प्रत्येक फेरी बघत होती. गाडी थांबल्यावर ती शेखावतांकडे गेली. "हे खड्ड्याआधी ब्रेक लावतात. आम्हा दोघांनाही खड्डा दिसलाच नव्हता. मी चालवते."

"मंजू, तू नको," अविनाशराव म्हणाले.

"का?"

शेखावतांनी थोडा विचार केला, समोरचा रस्ता दोन्ही बाजूंनी त्यांच्या माणसांना अडवायला लावला, वेग किती ठेवायचा ते सांगितलं आणि पट्टा लावून घेतला. मंजूनं सीट पुढे ओढली. आरसा नीट केला. दिवाळीनंतर पहिल्यांदा ती त्या जागी बसत होती.

पहिली फेरी नीट गेली. दुसरीही. अविनाशरावांच्या हातातला चहा निवून गेला होता आणि तो त्यांनी तसाच धरला होता. "ताई," ते एकदम म्हणाले, "मी हे सगळ्या मित्रांना सांगितलं. हसत हसत. प्रत्येक पार्टीत." मी त्यांच्या हातातला पेला काढून खाली ठेवला.

पुढच्या फेरीला गाडी खड्ड्यावर आदळली आणि तिचं नाक उजवीकडे वळलं. बाहेरून बघताना ते फार विचित्र दिसतं. जणू कोणी अदृश्य माणसानं तिला कानाला धरून ओढावं. अविनाशराव धावत सुटले. पण मंजूनं या वेळी ओढाताण केली नाही. ब्रेक दाबून धरला, आणि गाडी तिरकी होऊन मधेच उभी राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा शेखावत लॅपटॉपवर वाकले होते. त्यांनी आम्हा सगळ्यांना स्क्रीनवरच्या रेघा दाखवल्या. गाडीत एक छोटा सेन्सर असतो, गाडी किती वळते आहे ते सांगणारा. त्याचा सांधा आत ढिला झाला होता. तापल्यावर आणि हादरा बसल्यावर तो खोटं सांगायचा. गाडी सरळ जात असताना तो म्हणायचा, ही डावीकडे गरगरतेय. मग सावरणारी यंत्रणा इमानदारीनं उजव्या चाकाला ब्रेक लावायची, आणि सगळा घोळ पाहून स्टिअरिंगला मिळणारी विजेची मदतही बंद व्हायची. सांधा परत जुळला की सगळं जागच्या जागी.

"मैडम," शेखावत म्हणाले, "आपने कुछ गलत नहीं किया था. न आज, न उस दिन."

मंजूनं मान हलवली. गाडीतून उतरली, रस्त्याच्या कडेपर्यंत चालत गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. अविनाशराव तिच्याकडे निघाले. मी त्यांचा हात धरून थांबवलं. काही वेळानं ती स्वतःच परत आली आणि टपरीवाल्याला म्हणाली, "भैया, एक चाय. कड़क."

नाहरगड

सेन्सर बदलून गाडी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. हातात एकच संध्याकाळ. मंजू म्हणाली, "ताईला नाहरगड दाखवू." किल्ल्यावर जाणारा रस्ता अरुंद आहे आणि डोंगराला विळखे घालत चढतो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. तिनं हाच रस्ता का निवडला, ते मी विचारलं नाही.

किल्ली तिनंच घेतली. मी पुढे बसले, अविनाशराव माझ्या मागे आणि ऋचा त्यांच्या शेजारी. पहिल्या मोठ्या वळणावर माझ्या सीटला मागून धक्का बसला. दुसऱ्या वळणावर पुन्हा. मंजूनं आरशात बघितलं.

"अविनाश, मागे ब्रेक नाही."

ऋचा खदखदून हसली, मग मी, आणि मग तेही. त्यांनी पाय आखडून घेतला.

वर तटावरून सगळं जयपूर खाली पसरलेलं दिसतं. दिवे लागायला सुरुवात झाली होती. वाऱ्यानं कान दुखत होते. तिथे अविनाशराव मंजूला म्हणाले, माझ्या आणि मुलीच्या देखत, "मी गाडीला विचारलं. सर्व्हिसवाल्यांना विचारलं. तुला विचारलंच नाही."

"नाही विचारलं," मंजू म्हणाली.

तिनं माफ केलं की नाही, मला कळलं नाही. नवराबायकोचं सगळं बाहेरच्याला कळतंच असं नाही, आणि बहीण झाली तरी मी बाहेरचीच. पण थोड्या वेळानं तिनं आपल्या शालीचं दुसरं टोक त्यांच्याकडे केलं आणि त्यांनी ते खांद्यावर ओढून घेतलं.

उतरताना अंधार पडला होता. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. सांभरची वाट डोळ्यापुढून जात नव्हती. प्रत्येक वळणाला मी दाराची मूठ घट्ट धरत होते, आणि खालून एखादी गाडी वर आली की श्वास रोखत होते. मंजू मात्र ऋचाच्या परीक्षेबद्दल बोलत होती. अमुक प्रश्न कसा सोडवायचा ते मागे न बघता सांगत होती, आणि बोलताबोलता, दोन्ही हात स्टिअरिंगवर सैल ठेवून, एकेक वळण मागे टाकत ती आम्हा सगळ्यांना खाली शहरात घेऊन आली.